ताईचा दुसरा विषय

माध्यमिक शाळा संपली, की पुष्कळ मुले-मुली विद्यापीठात जातात. तेथे प्रत्येक विद्यार्थी एक मुख्य विषय निवडतो. कोणी गणित घेतो, कोणी विज्ञान घेतो, तर कोणी भाषा घेतो. काही विद्यापीठांत मुख्य विषयाबरोबर आणखी एक विषय थोडा थोडा शिकता येतो. त्याला दुय्यम विषय म्हणतात. जगाच्या एखाद्या भागाचा इतिहास आणि तेथील संस्कृती हासुद्धा असा दुय्यम विषय असू शकतो.

राजूची ताई दक्षिण आफ्रिकेतील एका विद्यापीठात शिकते. तिचा मुख्य विषय गणित आहे. आफ्रिकेचा इतिहास व संस्कृती हा तिचा दुय्यम विषय आहे. डिसेंबरच्या सुट्टीत ती मॉरिशसला घरी आली. तिच्या पेटीत गणिताची पुस्तके कमी आणि आफ्रिकेची पुस्तके जास्त होती. ती पाहून आजोबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

आजोबा म्हणाले, "पोरी, तुझ्या बाबांनी कर्ज काढून तुला पाठवले आहे. गणित शिकलीस, तर नोकरी मिळेल. आफ्रिकेचा इतिहास शिकून काय मिळणार? आणि तिथे इतिहास आहे तरी कसला?"

ताई रागावली नाही. ती म्हणाली, "आजोबा, गणित मी मन लावून शिकते. पण तुम्ही विचारलेत, तसेच पूर्वी पुष्कळ लोक विचारत असत. म्हणून तुम्हांला एक गोष्ट सांगते." राजू आणि त्याचा शेजारचा मित्र मिशेलही जवळ येऊन बसले.

ताईने पुस्तकातील एक चित्र दाखवले. चित्रात दगडांची एक प्रचंड गोल भिंत होती.

"हे ग्रेट झिंबाब्वे. सुमारे सातशे वर्षांपूर्वी येथे मोठे शहर होते. ही भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच आहे. दगडावर दगड रचून ती बांधली आहे. मध्ये चुना नाही की माती नाही. तरी ती आजही उभी आहे."

"कोणी बांधली?" राजूने विचारले.

"तेथे राहणाऱ्या शोना लोकांच्या पूर्वजांनी. पण युरोपातून आलेल्या पुष्कळ लोकांना हे पटेना. आफ्रिकेचे लोक असे शहर बांधूच शकत नाहीत, असे ते म्हणत. मग १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्पसन नावाच्या एका इंग्रज बाईंनी तेथे काळजीपूर्वक खोदकाम केले. त्यांनी मातीचे थर पाहिले, खापरांचे तुकडे तपासले आणि सांगितले, की हे शहर आफ्रिकेच्याच लोकांनी बांधले आहे. पुढे १९८० साली तो देश स्वतंत्र झाला. तेव्हा त्याने याच शहरावरून आपले नाव झिंबाब्वे ठेवले."

मिशेल चित्राकडे टक लावून पाहत होता.

ताई पुढे म्हणाली, "या शहरात चीनमधल्या चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडेही सापडले आहेत. आता सांगा, चीनची भांडी आफ्रिकेत कशी आली?"

"जहाजातून!" राजू म्हणाला.

"बरोबर. हिंदी महासागरात वर्षातले काही महिने वारा ईशान्येकडून वाहतो. पुढे तो दिशा बदलतो आणि नैऋत्येकडून वाहतो. पहिल्या वाऱ्याबरोबर अरबस्तानातील व हिंदुस्थानातील गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात आणि दुसऱ्या वाऱ्याबरोबर परत येत. ती कापड आणि मणी नेत आणि सोने व हस्तिदंत आणत. मालाबरोबर शब्दही फिरले. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली भाषा बोलतात. त्या भाषेत गाडीला 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका' म्हणतात आणि पैशाला 'पेसा' म्हणतात. चपातीला तर चपातीच म्हणतात!"

मुले हसली. आजोबाही हसले.

"माणसेही फिरली, आजोबा. मलिक अंबर हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्याचा जन्म इथिओपियात झाला. लहानपणी त्याला गुलाम म्हणून विकले. फिरत फिरत तो दख्खनमध्ये आला आणि आपल्या बुद्धीने अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला. त्याने १६१० साली खडकी हे शहर वसवले. लोकांना पाणी मिळावे म्हणून जमिनीखालून नहर आणली. तेच शहर आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. म्हणजे आपले पूर्वज महाराष्ट्रातून इकडे आले, त्याच्या दोनशे वर्षे आधी आफ्रिकेचा एक मुलगा महाराष्ट्रात जाऊन मोठा झाला होता."

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग ते आत गेले आणि एक जपून ठेवलेला कागद घेऊन आले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. तेथून त्यांनी तो मिळवला होता. त्यावर त्यांच्या पणजोबांचे नाव होते, वडिलांचे नाव होते आणि रत्नागिरीकडील गावाचे नाव होते.

मिशेलने तो कागद वाचला. त्याने हळूच विचारले, "ताई, माझ्या पणजोबांच्या पणजोबांचाही असा कागद असेल का?"

घरात शांतता पसरली. ताई म्हणाली, "मिशेल, तुझे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले होते. मादागास्कर, मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा येथून पुष्कळ लोकांना असे बळजबरीने आणले. मालकांनी त्यांना नवी नावे दिली. त्यांचे खरे नाव काय, गाव कोणते, हे बहुतेक वेळा कोणी लिहिले नाही. मॉरिशसमधील गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी बंद झाली. पण हरवलेली नावे परत मिळाली नाहीत."

"मग काहीच कळणार नाही का?"

"कागद नसला, तरी इतर खुणा असतात. जुनी गाणी असतात, गोष्टी असतात, शब्द असतात. सेगा नाच आणि रावान हे वाद्य तुझ्या पूर्वजांनीच जपले. २०१४ साली युनेस्कोने पारंपरिक सेगाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. अशा खुणा कशा गोळा कराव्यात आणि खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी, हेच मी दुय्यम विषयात शिकते."

आजोबांनी कागदाची नीट घडी घातली. ते म्हणाले, "नोकरीचे काय होईल, याची काळजी मला अजून वाटते. पण मिशेलच्या आजींना जुनी गाणी येतात. त्या आता थकल्या आहेत. तू सुट्टी संपायच्या आत त्यांच्याकडे जा. वही घेऊन जा. आणि राजूलाही ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे निघाले. वही मिशेलच्या हातात होती.

शब्दार्थ
दुय्यम – दुसऱ्या क्रमांकाचा
गलबत – शिडाचे मोठे जहाज
हस्तिदंत – हत्तीचा दात
नहर – पाण्याचा कालवा
वारसा – पूर्वजांकडून मिळालेली ठेव

स्वाध्याय
१. ताईचा मुख्य विषय कोणता? दुय्यम विषय कोणता?
२. ग्रेट झिंबाब्वेची भिंत कशी बांधली आहे?
३. वाऱ्याचा उपयोग गलबतांना कसा होत असे?
४. मिशेलच्या पूर्वजांची खरी नावे का सापडत नाहीत?
५. तुमच्या आजी-आजोबांना एक जुने गाणे किंवा गोष्ट विचारा आणि वहीत लिहा.