लहान विमानाचें उतरणें

खाजगी लहान विमानास उंच आकाशापेक्षां जमिनीजवळच अधिक भय असतें, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. धांवपट्टीच्या रेषेंत येण्याकरितां वैमानिक शेवटचें वळण घेतो, तेव्हां वेग व उंची दोन्ही अल्प असतात. रेषा ओलांडली गेली, कीं तो घाईनें विमान अधिक कलवितो. येथेंच घात होतो. उंची राखून वळतांना विमान तोलून धरण्यास लागणारा किमान वेग ४५ अंश कलल्यास सुमारें शेंकडा १९, व ६० अंशांस शेंकडा ४१ वाढतो. वेग त्याहून उणा झाला, कीं पंखावरील हवेचा प्रवाह तुटतो, एक पंख कोसळतो, आणि सांवरावयास उंची उरलेली नसते. इंजिन मात्र निर्दोष चालू असतें! शहाणा वैमानिक अशा वेळीं उतरण्याचा बेत सोडून पंख समतल करितो, इंजिनाची शक्ति वाढवितो व पुनः फेरी घालतो. सोबतच्या प्रवाशांस तें रुचत नाहीं, ही गोष्ट निराळी.