पॅडल टायर घ्यायच्या आधी

बघ गं, तुझ्या त्या चारचाकी क्वाड बाईकला पॅडल टायर घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. घरात आधीच सगळ्यांनी तोंडं वाकडी केलीत, त्यात माझं कशाला? मला एवढंच सांग, वाळू कुठाय? निपाणीकडं काळं रान, बेळगाव-खानापूरला तांबडी माती नि मुरूम. वेदगंगा, दूधगंगेच्या पात्रात वाळू असते खरी, पण ती ओली, गाळात मिसळलेली. तू ज्या टायरच्या मागं लागलीयस तो कोरड्या, भुसभुशीत, खोल वाळूसाठीच केलाय.

त्याचं काम कसं चालतं ते समजून घे, म्हणजे दुकानदार काय सांगतो ते तुझं तुलाच तोलता येईल. नॉबी टायरला रबराचे ठोकळे असतात. पॅडलला ते नसतात. गुळगुळीत रबरावर फावड्याच्या पात्यासारख्या आडव्या पट्ट्या, पाऊण-एक इंच उंच. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. नॉबी तिथं जोरात फिरला की खाली उकरत जातो आणि गाडी बसते. पॅडल वाळू खेचून मागं भिरकावतं, त्या फेकण्याच्या जोरावर गाडी पुढं जाते. कडक जमिनीवर मात्र सगळा भार त्या पट्ट्यांच्या कडांवर येतो. हादरे बसतात, ब्रेक नीट लागत नाही, पट्ट्यांचे तुकडे उडतात. वजन कमी राहावं म्हणून टायरचं रबरही पातळ ठेवलेलं असतं, आपल्याकडच्या बाभळीच्या काट्याला ते किती टिकणार?

खानापुरात भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील चढवतात, तू बघितलंयस. चिखल गजांच्या मधून गळून जातो म्हणून ते चालतं. लावणी उरकली की काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतात, कुणी त्यावर बाजाराला जात नाही. पॅडलही तसंच, कामापुरतं चढवायचं. म्हणून वेगळ्या रिमवर बसवलेला दुसरा जोडच घे. दर खेपेला टायर उतरवून चढवत बसलीस तर रिमच्या कडा खराब होतील आणि तू वैतागशील.

आता तू म्हणशील, गोव्याला नेईन. नको. तिथं किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, आणि मला दंडापेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. भरतीच्या रेषेजवळची वाळू ओली, घट्ट. तिथं पॅडलचा उपयोग नाही. पॅडल चालेल ती वरची कोरडी वाळू. नेमकी तिथंच ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, वर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास, सगळीकडं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ही कासवं पहिल्या अनुसूचीत आहेत. घरटं वरून दिसतही नाही गं, आणि तुझं पॅडल वाळू उकरत जाणार.

म्हणजे राहिले जैसलमेरकडच्या समचे वाळूचे ढिगारे, नाहीतर दुबईला मामाकडं गेलीस तर तिथले. जैसलमेरला जायचं ठरलंच असेल तर ऐक.

तुझं इंजिन ४५० सीसीचं. त्याला २० इंची टायर आणि आठ पॅडलं पुरेत. ७०० सीसीच्या रॅप्टर क्वाडवाले दहा लावतात म्हणून तू लावू नकोस. पॅडलं जास्त झाली की पकड वाढते, पण ती वाळू फेकायला इंजिनात दम लागतो. चढावर आरपीएम खाली येऊन गाडी घुसमटली की समजायचं, पॅडल जड झालं. मग मागचं स्प्रॉकेट एक-दोन दात्यांनी मोठं करायचं, नाहीतर कमी पॅडलांचा टायर घ्यायचा. सरळ पट्ट्या सरळ रेषेत जोरात ओढतात. व्ही आकाराच्या पट्ट्या वळताना, आडव्या उतारावर जरा सौम्य वागतात. तू काही ड्रॅग रेसला निघाली नाहीस, व्हीच घे.

टायरवर २०×११-९ असं लिहिलेलं असेल: उंची, रुंदी, रिम, सगळं इंचात. पण रिम बसेल की नाही ते बोल्टांवर. स्पोर्ट क्वाडमध्ये यामाहाच्या मागच्या हबचे चार बोल्ट ११५ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, होंडाचे ११० च्या. तुझी गाडी मॉडिफाय केलेली, आधीच्या मालकानं हब बदललाय का कोण जाणे. पट्टी घेऊन स्वतः मोज, त्या मालकाच्या शब्दावर जाऊ नकोस. स्पेसर लागला तर बेळगावच्या उद्यमबागेत टर्न करून मिळेल. तिथल्या लेथवाल्यांचा हात चांगला आहे, पण त्यांना माप अचूक द्यावं लागतं.

पुढच्या टायरचं कुणी तुला सांगितलं नसेल. पुढं मधोमध एकच उभी धार असलेला गुळगुळीत टायर लागतो. मागं पॅडल आणि पुढं नॉबी ठेवलास तर मागचं चाक ढकलत राहतं आणि हँडल वळवूनही गाडी सरळच जाते. शिवाय पकड एकदम आली की पुढची चाकं उचलतात. मोठी पोरं स्विंगआर्म लांब करून घेतात ती त्यासाठीच. तुझं वजन पन्नासच्या आत, तू गॅस हळूच दे.

हवा चार ते सहा पीएसआय. पंक्चरवाल्याकडचं गेज इतक्या खालचं नीट दाखवत नाही, १५ पीएसआयपर्यंतचं छोटं गेज वेगळं घे. एअर फिल्टरला तेल लावलेला फोम आणि वरून कव्हर. वाळूची पूड इंजिनात गेली तर टायरच्या कितीतरी पट खर्च येईल. आणि काठीला उंच झेंडा बांध. ढिगाऱ्याच्या पलीकडून येणाऱ्याला तू दिसली पाहिजेस.

एक गंमत सांगते. २०२४ पर्यंत डाकार रॅलीत क्वाडचा वेगळा वर्ग होता. कॅमेलिया लिपारोती नावाची इटलीची बाई त्यात बऱ्याच वेळा धावली. दगड, मुरूम, वाळू सगळं एकाच दिवसात, त्यामुळं तिथं पॅडल परवडत नाही. नॉबीवरच ढिगारे चढायचे. तेव्हा आपल्याकडं चांगल्या नॉबीवर हात बसव, आणि रस्त्यावर ती गाडी काढू नकोस, पासिंग होत नाही. छोटा हत्ती टेम्पोत घालून ने.

बोल्टांचं माप कळव. मग रिमचं बघू.