गळ्यामागून गज

१. प्रबंधाचं पहिलं प्रकरण सगळ्यात शेवटी लिहावं.

व्हायोलिनवरचे जे प्रबंध मी चाळले, ते बहुतेक एकाच वाटेने निघतात. गजाने वाजणारा रावणहत्था, मग व्हायोलिनं घडवणारं इटलीतलं क्रेमोना, मग व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणणारे बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९), तंजावरच्या चार भावांतले वडिवेलू आणि तिथून थेट आकाशवाणी. यात खोटं काही नाही. पण एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उतरवून घेतल्याचा वास येतो.

मी उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातल्या रामनगरची. सुपा धरणात गावं गेली, त्या लोकांची ही वस्ती. याच तालुक्यात कॅसल रॉक स्टेशन आहे. १९६१ पर्यंत इथे सरहद्द होती. पलीकडे दूधसागर, कुळें आणि पोर्तुगीजांचा गोवा. मुरगावहून आलेली गाडी इथे जकातीच्या तपासणीला थांबायची. मग लोंढा, मिरज, पुणे आणि पुण्याला गाडी बदलून मुंबई. गोव्यातले वादक पोटापाण्यासाठी मुंबईला जात ते बोटीने, नाहीतर या वाटेने. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून पोरांना सोल्फेज (कागदावरचे सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. ती पोरं पुढे मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कुडां’त, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरत आणि हॉटेलांच्या बँडमध्ये, नंतर सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवत. १९५५ साली गोव्याची नाकेबंदी झाली आणि ही गाडीही थांबली.

म्हणजे व्हायोलिनची एक वाट माझ्या घराजवळून गेलेली, आणि मी माझ्या प्रबंधासाठी धारवाडला बसून तंजावरची टिपणं काढत होते. विषयाचा इतिहास लिहायचा तर आधी आपल्या भागातून काय गेलं ते बघावं, मग पहिलं प्रकरण मांडावं.

२. वादकाला शैली विचारू नये, व्हायोलिन मिळवायला सांगावं.

मुलाखतीची प्रश्नावली हा प्रकार विद्यापीठाला फार आवडतो. ‘आपल्या वादनशैलीची वैशिष्ट्ये सांगा.’ असं विचारलं की समोरचा माणूस खाकरतो आणि वर्तमानपत्रात वाचलेलं काहीतरी बोलतो. गोव्यातल्या सावर्ड्याकडच्या एका वयस्क वादकांकडे मी गेले होते. आयुष्य मुंबईच्या स्टुडिओंत काढून गावी परतलेले. प्रश्नावली पाहून म्हणाले, “बाय, हे तू मला कशाला विचारतेस? हे लिहिणाऱ्यांना विचार.” मग मी माझं व्हायोलिन त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, “मेस्त, जरा मिळवून द्या.”

त्यांनी तारा एकेक छेडत म्हटलं, सोल, रे, ला, मी. मी त्याच तारा प, सा, प, सा अशा लावते. त्यावर तासभर बोलणं झालं. त्यांच्या मिळवणीत शेजारच्या कुठल्याही दोन तारांत पंचमाचंच अंतर, त्यामुळे एका तारेवर बसलेली बोटं दुसरीवर तशीच चालतात, आणि कुठल्याही पट्टीतलं गाणं समोर आलं तरी व्हायोलिन पुन्हा लावावं लागत नाही. स्टुडिओत रोज नवी पट्टी, नवा संगीतकार. तिथे हेच सोयीचं. आमच्याकडे षड्ज एकदा लावला की तो मैफल संपेपर्यंत हलत नाही आणि मोकळ्या तारांची आस त्या षड्ज-पंचमाला भरून धरते. हे सगळं त्यांनी मला सिद्धांत म्हणून सांगितलं नाही. खुंट्या पिळता पिळता, “तुमच्या गवयाला पट्टी बदलायची झाली तर काय करता?” असं विचारत सांगितलं.

तेव्हापासून माझे प्रश्न ठरलेले: तारा कशा लावता, शेजारी कोण बसायचं, बिदागी कोणाच्या हातून मिळायची, कागद समोर असायचा की नाही. शैली त्यातूनच कळते.

३. ज्याचं नाव लेबलवर नाही, त्याच्यासाठी वेगळी वही ठेवावी.

जुन्या तबकड्यांवर गायकाचं नाव असतं, कधी कवी आणि संगीतकार. व्हायोलिनवाल्याचं सहसा नसतं. सिनेमात तर पडद्यामागे पन्नास गज एकदम चालत आणि नाव एकाचंही नाही. ग्रेगरी बूथ यांनी २००८ सालच्या आपल्या पुस्तकात मुंबईच्या स्टुडिओ-वादकांचा जो इतिहास उभा केला, तो मुख्यतः वादकांशी बोलूनच. कागदावर फारसं काही उरलेलंच नव्हतं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) केवढे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लोकांना ठाऊक आहेत ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातलं नाव म्हणून. ते गाणं त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालनी, गुरूची आठवण म्हणून त्या नावावर बांधलं.

मराठीत प्रभाकर जोग (१९३२–२०२१) हा सुखद अपवाद. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची ५६ गाणी गेली, त्यात त्यांचं व्हायोलिन होतं, पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ हीच त्यांची ओळख झाली. शब्द न वाजवता शब्द ऐकू येतील असं वाजवणं ही त्यांची कमाई. पण एका जोगांमागे नावाविना राहिलेले किती, ते ती वही भरायला घेतली की कळतं.

४. अभ्यासक्रम कुठल्या वाद्यासाठी लिहिलाय, ते वाजवण्याआधी पाहावं.

माझ्या मते व्हायोलिनच्या शिक्षणातली सगळी अडचण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आमच्याकडची मुलंही देतात. त्यासाठी बेळगाव, धारवाड गाठतात. परीक्षेत व्हायोलिन ‘स्वरवाद्य’ या सदरात येतं आणि मुलाला विलंबित गत, द्रुत गत तयार करावी लागते. या मसीतखानी आणि रजाखानी गती मुळात सतारीच्या. ‘दा’ आणि ‘रा’ हे नखीचे आघात. एक आत, एक बाहेर. गजाला आघात नसतो, ओढ असते. सतारीचा स्वर छेडल्या क्षणापासून विरत जातो, गजाचा स्वर हवा तेवढा वेळ धरता येतो, मध्येच फुगवता येतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हे वाद्य हातात घ्यायचं, ती बाजूला ठेवून मूल गजाने टकटक ‘दिर दिर’ काढत बसतं आणि पास होतं.

आपल्या मोठ्या वादकांनी यातून आपापली वाट काढली, ती समजून घेतली तर शिकवणं सोपं होतं. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) स्वतः पट्टीचे गवई. व्हायोलिन त्यांच्या गायकीचंच दुसरं अंग. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) विघ्नेश्वर शास्त्रींकडे शिकले, पण कानात द. वि. पलुस्करांचं गाणं. दातारांची मींड ऐकताना मागे कोणीतरी गातंय असा भास होतो. एन. राजम मूळच्या कर्नाटक पद्धतीत वाढलेल्या. ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकून त्यांनी गायकी अंग घडवलं आणि बनारस हिंदू विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं. वि. गो. जोगांनी मात्र अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडून तंतकारी, म्हणजे छेडून वाजवायच्या तंतुवाद्यांची शैली, उचलली आणि गजाने लयीचे तुकडे असे फेकले की गत त्यांच्या हाती शोभली. त्यांचं पाहून कोणी म्हणेल, सतारीचा अभ्यासक्रमही चालतोच की. चालतो, जोगांना चालतो. आधी हात असा तयार झाला पाहिजे.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घ्यावी. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. गायकाच्या मागे सूर धरायला सारंगी आणि व्हायोलिन उरलं. म्हणजे ज्या काळात हिंदुस्थानी व्हायोलिन घडत होतं, त्या काळात त्याचं मुख्य काम गळ्यामागून जाणं हे होतं. त्याचं भांडार म्हणजे गायकाचं भांडार: ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भावगीत, अभंग. स्वतंत्र असं त्याच्याकडे थोडंच आहे, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. फक्त संशोधकाने ‘व्हायोलिनचं रेपर्टरी’ नावाची यादी करत बसण्याआधी त्या वादकाने कोणाकोणाला साथ केली, ते विचारावं. यादी आपोआप तयार होते.

माझ्याकडे शिकायला मूल आलं की बंदिश आधी गातं. गळा कसाही असो. रामनगरात भजनी मंडळं आहेत, मुलांच्या कानावर अभंग लहानपणापासून असतात. अभंग गाऊन झाला की मग तोच गजावर. सोळा मात्रांची गत पुढे.

५. बसणाऱ्याला उभं करू नये, उभ्याला बसवू नये.

चर्चच्या क्वायरमधून आलेली मुलं हनुवटीखाली व्हायोलिन धरतात, कागद वाचून वाजवतात. भजनातून आलेली मांडी घालून बसतात, व्हायोलिनची मान उजव्या पावलावर टेकवतात. आल्या आल्या ‘नीट धर’ म्हणण्याचा मोह आवरावा. पावलावर वजन गेलं की डावा हात पूर्ण मोकळा होतो, बोट तारेवरून वरपासून खालपर्यंत घसरू शकतं. मींड तिथून येते. हनुवटीखाली धरणाऱ्याचा हात टप्प्याटप्प्याने जागा बदलतो. वेगाने स्वच्छ स्वर काढायला ते बरं. दोन्ही हात आपापल्या संगीताने घडवलेले आहेत. मिश्र वर्ग असेल तर मी दोघांना एकच अभंग देते आणि कोण कुठे अडतं ते पाहते.

६. पावसाळ्याआधी खुंट्या पाहाव्यात.

कॅसल रॉकचा पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला सांगायला नको. लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात, गजाचे केस ओलसर होऊन सैलावतात, आणि सरसाचे सांधे सुटतात. व्हायोलिन सरसाने चिकटवलेलं असतं ते मुद्दाम, दुरुस्तीला उघडता यावं म्हणून. कोणी फेव्हिकॉल लावून देतो म्हणाला तर वाद्य घरी न्यावं. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या उन्हात नाहीतर तव्यावर सुकवाव्यात. वाजवून झालं की गज सैल करावा.

पालक विचारतात, महागातलं घ्यायचं का? २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना वेल्डरचे काळे चष्मे घालून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली होती. तीन नवीन, तीन जुनी: दोन स्त्रादिवारी, एक ग्वार्नेरी. कुठलं जुनं ते बहुतेकांना ओळखता आलं नाही, आणि सगळ्यात कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिवारीला. २०१२ मध्ये या प्रयोगावरचा निबंध छापून आला तेव्हा जगभर गोंधळ उडाला. यावरून प्लायवूडचं व्हायोलिन घ्यावं असं मात्र निघत नाही. त्या परीक्षेतली नवी वाद्यंही उत्तम कारागिरांचीच होती. मी पालकांना घोडी आणि साउंडपोस्ट नीट बसवून घ्यायला सांगते. निम्मा आवाज तिथेच असतो.

७. दहा हजार तासांची गोष्ट भिंतीवर लावू नये.

१९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. उत्तम गटाचे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत रियाजाचे सरासरी दहा हजार तास भरले होते. सरासरी, म्हणजे त्या गटातल्या अनेकांचे तेवढे नव्हतेही. पुढे लोकप्रिय पुस्तकांनी त्याचा नियम केला. २०१९ मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि मेघा मैत्रा यांनी तोच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला तेव्हा तासांनी वादकांमधला जेमतेम २६ टक्के फरक उलगडला. मूळ अभ्यासात हा आकडा ४८ होता.

आमच्या मुलांना बसची वाट पाहण्यात रोजचा केवढा वेळ जातो. तास मोजले तर ती हरलेलीच. शिवाय एरिक्सनचा रियाज म्हणजे गुरूने नेमून दिलेला, चुकीवर बोट ठेवणारा. घड्याळ लावून पलटे घोटणं त्यात बसत नाही. मी मुलांना मोबाइलवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून बसमध्ये ऐकायला सांगते.

८. ध्वनिमुद्रण परत न्यावं.

प्रबंधाच्या बांधीव प्रती विद्यापीठात जातात. मुलाखत देणाऱ्याच्या घरी काही जात नाही, ही पद्धत मला पटत नाही. मी प्रत्येक वादकाचं ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर घालून घरच्यांना दिलं. सोबत एका कागदावर तारीख, ठिकाण, तारांची मिळवणी आणि काय वाजवलं ते लिहून. ते पुढे कोणाला ऐकवायचं, कोणाला नाही, हे घरच्यांकडून लिहून घेतलं. काहींनी नको म्हटलं, ते माझ्या कपाटात कुलपात आहे. एका घरातल्या नातवाने पेनड्राइव्ह लगेच लॅपटॉपला लावला, आजोबांचं वाजवणं दोन मिनिटं ऐकलं आणि मला विचारलं, “ताई, ही पट्टी कुठली?” त्याचं गिटार तिथेच कोपऱ्यात होतं, त्याने ते उचललं आणि तार लावायला घेतली.