‘वेस्ट’ या शब्दाचा अर्थविचार

इंग्रजीतील ‘वेस्ट’ हा शब्द आपल्या पेढ्यांवर व वखारींत इतका रुळला आहे की, त्याचे मराठी प्रतिशब्द सहसा कोणी शोधीत नाही. त्याचे मूळ लॅटिन ‘वास्टुस’, म्हणजे ओसाड, रिते. ‘वेस्टलँड’ म्हणजे पडीक जमीन, हा अर्थ त्याच्याशी जुळतो.

मराठीत मात्र एका शब्दाने भागत नाही. धान्य वाळून वजन कमी भरले, ती घट. उंदरांनी खाल्ले वा पावसाने भिजले, ती नासाडी. हौसेपायी पैसा गेला, ती उधळपट्टी. डाळीच्या गिरणीतील चुनी व टरफले यांस टाकाऊ म्हणणे तर सर्वस्वी चूक. ती गुरांच्या खाद्यासाठी विकली जातात. हा भेद केवळ कोशकारांचा नव्हे. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे हरवलेल्या, चोरीस गेलेल्या वा नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा किर्दीत सरसकट ‘वेस्ट’ लिहिणाऱ्या मुनीमजींनी स्वाभाविक घट व नासाडी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, हे बरे.

आपल्या शास्त्रात याहून सूक्ष्म संज्ञा आहे, ती ‘अनर्थदंड’, म्हणजे निष्प्रयोजन पापक्रिया. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त तिचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘प्रमादचर्या’ म्हणजे कारणावाचून माती खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वनस्पती तोडणे. दुकानातील नळ उगाच वाहत राहिला, तर पाण्याबरोबर त्यातील अप्कायिक जीवांचाही हिशेब येथे धरला जातो.