पोहोचविणे आपल्या हाती, पटविणे नव्हे

आपल्या मुलांना शाळा-महाविद्यालयात, कचेरीत व शेजारीपाजारी श्रद्धेविषयी प्रश्न विचारले जातात. रोजे कशासाठी? पाच वेळा नमाज कशासाठी? काही प्रश्न जिज्ञासेपोटी असतात, काही केवळ डिवचण्यासाठी. उत्तर देऊनही समोरच्याला पटले नाही की मुले खिन्न होतात. काही जण तर वाद नको म्हणून आपली श्रद्धाच लपवू लागतात. म्हणून या बाबतीत आपली जबाबदारी नेमकी किती, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी कुरैशांच्या छळामुळे काही मुस्लिमांनी हबशा देशात हिजरत केली. त्यांना परत नेण्यासाठी कुरैशांचे दूत राजा नज्जाशीच्या दरबारात आले. राजाने विचारणा केली तेव्हा हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) यांनी अज्ञानकाळातील आपली स्थिती व प्रेषितांची (स.) शिकवण स्पष्ट शब्दांत सांगितली आणि सूरह मरयमचा प्रारंभ ऐकविला. दुसऱ्या दिवशी दूतांनी हजरत ईसा (अ.) यांच्याविषयीचा नाजूक प्रश्न उपस्थित केला. राजा ख्रिस्ती होता. आश्रयच धोक्यात आला होता. तरीही हजरत जाफर (रजि.) यांनी सत्यच सांगितले: ईसा (अ.) हे अल्लाहचे दास व प्रेषित आहेत. राजाला खूश करण्यासाठी त्यांनी श्रद्धेत काटछाट केली नाही. नज्जाशीने आश्रय कायम ठेवला.

परंतु प्रत्येक वेळी असे घडत नाही. अबू तालिब यांनी आपल्या पुतण्याला आयुष्यभर संरक्षण दिले. त्यांच्या अंतसमयी प्रेषितांनी (स.) त्यांना कलिमा उच्चारण्याची कळकळीची विनंती केली, त्यांनी तो उच्चारला नाही. सूरह कससच्या 56 व्या आयतीत स्पष्ट केले आहे की, प्रिय व्यक्तीलाही हिदायत देणे प्रेषितांच्या हाती नाही. ते अल्लाहच्या हाती आहे. येथे वाणी, चारित्र्य वा प्रेम, कशाचीच उणीव नव्हती. मग आपले म्हणणे एखाद्याला पटले नाही, तर आपले सत्य दुबळे आहे असे का मानावे?

मात्र ही मर्यादा म्हणजे मौनाची वा उद्धटपणाची सबब नव्हे. सूरह नहलच्या 125 व्या आयतीत विवेकाने, सदुपदेशाने व उत्तम रीतीने बोलण्याचा आदेश आहे. तेव्हा मुलांना शिकवावे की, विचारले तर सौम्यपणे सांगा. ठाऊक नसेल तर तसे प्रांजळपणे मान्य करून जाणकारांना विचारा. आणि चर्चेचा हुज्जतीत शेवट होऊ लागला तर सलाम करून थांबा. समोरच्याच्या अंतःकरणाचा निवाडा करू नका. शेजारधर्म पूर्वीसारखाच पाळा.

फिरऔनकडे जाण्यापूर्वी हजरत मूसा (अ.) यांनी प्रार्थना केली होती की, छाती विशाल व्हावी, जिभेची गाठ सुटावी, लोकांना बोलणे समजावे. फिरऔनने मानले नाही, पण मूसा (अ.) यांचे कर्तव्य पूर्ण झाले. अल्लाह आपल्यालाही तशी छाती व तशी वाणी देवो. आमीन.