दगडी कुंपणाच्या दोन बाजू

हार्पर ली हिची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी वरच्या वर्गांतील कित्येकांनीं वाचली असेल. तींत डिल नांवाचा एक ठेंगणा, कल्पक मुलगा आहे. तो निव्वळ कल्पनेंतला नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागीं अलाबामा संस्थानांत मन्रोव्हिल म्हणून लहानसें गांव आहे. तेथें नातलगांच्या घरीं राहिलेला ट्रूमन कपोटी हा त्याचा मूळ नमुना. त्याच्या व लींच्या घरांमध्यें दगडी कुंपण होतें. वकील लींनीं मुलांस एक टंकलेखनयंत्र दिलें. मग एकानें सांगावें व दुसऱ्यानें टंकावें, असा दोघांचा खेळ सुरू झाला.

१९५९ सालीं कॅन्सस संस्थानांतील होलकम गांवीं एका शेतकरी कुटुंबांतील चार माणसांचा खून झाला. त्यावर लिहिण्यास निघतांना कपोटीनें बालमैत्रिणीस बरोबर नेलें. त्याचा चिरका आवाज व नखरेल पोशाख पाहून गांवकरी बिचकत. लीनें मात्र घरोघर जाऊन त्यांस बोलतें केलें आणि सुमारें १५० पानांचीं टिपणें करून दिलीं. १९६० सालीं तिची कादंबरी निघाली व पुढल्याच वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. कपोटीचें 'इन कोल्ड ब्लड' १९६६ सालीं ग्रंथरूपानें आलें. अर्पणपत्रिकेंत तिचें नांव आहे, तेंही दुसऱ्या एकाच्या जोडीनें. तिच्या श्रमांची हकीकत कोठेंच नाहीं. पुढें स्नेह आटला. मित्राचा मत्सर हें त्याचें कारण, असें लीनें उतारवयांत एका पत्रांत लिहिलें. पण ही एकाच पक्षाची साक्ष होय.

इकडे लोकांत कुजबुज सुरू झाली, कीं 'मॉकिंगबर्ड' वस्तुतः कपोटीचीच! लीचें दुसरें पुस्तक २०१५ पर्यंत निघालें नाहीं, त्यामुळें संशयास खतपाणी मिळालें. आम्हांस विचाराल तर ही कंडी पोकळ आहे. १९५९ च्या जुलैंत, म्हणजे कादंबरी छापण्यापूर्वींच, कपोटीनें आपल्या मावशीस पत्र लिहिलें होतें. तिचें पुस्तक आपण पाहिलें, तें आपणांस आवडलें, असें तो त्यांत कळवितो. स्वतःच्या लेखणीचा दावा करीत नाहीं. खाजगी पत्रांत, तेंही कीर्ति लाभण्यापूर्वीं, खोटें बोलण्याचें त्यास प्रयोजन काय? शिवाय आपल्या कर्तृत्वाविषयीं मौन पाळणारा गृहस्थ तो खासच नव्हता.

कपोटी १९८४ सालीं वारला, ली २०१६ सालीं. दोघांचीं तीं घरें आतां उरलीं नाहींत. कुंपणाचा कांहीं भाग मात्र मन्रोव्हिलांत अजून उभा आहे.