मुंबई ते न्यूयॉर्क : बसण्याचे तास आणि गोळ्यांच्या वेळा

मुंबई आणि न्यूयॉर्क या विमानतळांमधील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरून मोजलेला सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे 12,500 किलोमीटर भरते. परंतु प्रकृतीच्या दृष्टीने या आकड्यापेक्षा प्रवासी किती तास बसून राहणार आणि त्याची दिनचर्या किती तासांनी सरकणार, याला अधिक महत्त्व आहे. उन्हाळ्यात रात्री 1.30 वाजता मुंबईहून सुटलेले थेट विमान त्याच दिवशी सकाळी 7.30 वाजता न्यूयॉर्कला पोहोचते असे तिकिटावर दिसत असेल, तर तो प्रवास सहा तासांचा नसून साडेपंधरा तासांचा असतो, कारण दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात आणि न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास (हिवाळ्यात साडेदहा तास) मागे असते.

औषधांच्या बाबतीत हा हिशेब चुकणे महागात पडते. रक्तदाबाची गोळी रोज सकाळी 8 वाजता घेणाऱ्या गृहस्थांनी ती निघण्याच्या आदल्या सकाळी घेतली आणि पुढची न्यूयॉर्कला उतरल्यावर तेथील 8 वाजता घेतली, तर दोन गोळ्यांमध्ये साडेतेहतीस तासांचे अंतर पडते. म्हणून प्रवासात हातातील घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवून गोळी नेहमीच्या वेळी विमानातच घ्यावी, आणि पुढील वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर असे लेखी वेळापत्रक अत्यावश्यक आहे : जाताना दिवस लांबतो, येताना आखूड होतो, आणि परतीच्या प्रवासात दोन मात्रा फार जवळ आल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे, कारण विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठण्याची शक्यता असते आणि गोठलेले इन्सुलिन वापरण्याजोगे राहत नाही.

विमानातील हवेचा दाब साधारणतः 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरील दाबाइतका, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावरील (1,646 मीटर) दाबापेक्षाही कमी असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, मात्र हृदयविकार, फुप्फुसांचा जुना विकार किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्यांनी तपासणी करूनच तिकीट काढावे.

दीर्घकाळ बसून राहिल्याने पायांच्या खोलवरच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होणे, ज्याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात, हा धोका चार तासांपुढील प्रवासात वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मधील अहवालानुसार निरोगी प्रवाशांत त्याचे प्रमाण सुमारे 6,000 मध्ये एक, म्हणजे अल्पच आहे. तथापि पूर्वी गुठळी झालेल्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या, गर्भवती व अतिस्थूल व्यक्तींत ते वाढते. येथे एक गोष्ट नेहमी निसटते, ती ही की हा धोका मोटार, बस आणि रेल्वेतही असतो. त्यामुळे सांगलीहून सात-आठ तास गाडीत बसून मुंबईला पोहोचलेल्या प्रवाशाचे बसणे विमानात सुरू होत नाही, ते आधीच सुरू झालेले असते, आणि वाटेत दोन-तीनदा उतरून चालणे हा त्याच काळजीचा भाग आहे. विमानात दर तासाला टाचा व चवडे आळीपाळीने उचलावेत, जमेल तेव्हा उठून फिरावे आणि केवळ गुठळी टाळण्यासाठी ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत एकाच पायाची पोटरी सुजली व दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, आणि दोन्ही प्रसंगी झालेला प्रवास न विचारता सांगावा.